मनश्शेच्या माफीची चौकशी

सुभेदार गणपतराव आमच्या फाटकातून आत येतात, चपला काढतात, टोपी सारखी करतात, अंगणाच्या मधोमध पाय जुळवून ताठ उभे राहतात आणि रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "फादर, एक शंका हाय!"

शंका एक कधीच नसते. आणि मी फादर नाही. फादर लग्न करत नाहीत. माझं झालेलं आहे, बायको आत चहा टाकते आहे आणि मुलं पुण्याला नोकरीला आहेत. मी पाळक आहे. हे मी सुभेदारांना पहिल्या खेपेला सांगितलं, दुसऱ्या खेपेलाही सांगितलं, मग सोडून दिलं. आष्ट्यात मला सगळेच फादर म्हणतात, आणि या वयात माणसानं किती ठिकाणी दुरुस्त्या करत बसायचं?

सुभेदार येतात ते बाजाराच्या दिवशी. लुनाच्या एका बाजूला मेथी-वांग्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला पलटणीतली जुनी खाकी पिशवी, आणि तिच्यात फडक्यात गुंडाळलेला 'जुना करार', म्हणजे बायबलचा पहिला भाग. त्यांचा बाजार अर्ध्या तासात उरकतो. मी मात्र दुपारपर्यंत उरकत नाही. बाजाराचा दिवस उजाडला की माझं डोकं सकाळपासूनच धरतं. "काय मेलं एवढं, म्हातारा माणूस चार गोष्टी विचारतो तर," असं आमच्या सौभाग्यवती शांताबाई म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. सुभेदार येताना शंका मला आणतात आणि काकवीची बाटली त्यांना.

आता कुणाला वाटेल की हा माणूस ख्रिस्ती व्हायला निघालाय. छे! गणपतराव चांगले जमीनजुमलेवाले, उसाचे बागायतदार, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. एकदा मी सहज म्हटलं, रविवारी प्रार्थनेला या की. तर हात झटकून म्हणाले, "न्हाई, न्हाई, ती तुमची लाईन. आपली न्हवं." जुना करार त्यांच्या हातात आला तो मिरजेच्या मिशन दवाखान्यात. बायको हौसाबाई आजारी होत्या, तिथं बरेच दिवस होत्या. खाटेशेजारच्या कपाटाच्या खणात हे पुस्तक पडलेलं होतं. वर्तमानपत्र वाचून संपल्यावर सुभेदारांनी ते उघडलं. हौसाबाई काही परत आल्या नाहीत. पुस्तक तेवढं नर्सला विचारून घरी आलं.

खरं सांगायचं तर माझ्या चर्चच्या मंडळीत असं वाचणारं कुणी नाही. माझा उपदेश चालू असताना माना डुलतात, पण त्या पटल्यामुळं डुलत नाहीत. तीस वर्षं मी वाट पाहिली की कुणीतरी उठावं आणि एखादा प्रश्न विचारावा. देवानं ऐकलं. पण देणाऱ्यानं हात जरा आखडता घ्यायला हवा होता.

सुभेदार शास्त्र वाचतात ते पलटणीचे हुकूम वाचावेत तसं. तांबडी-निळी पेन्सिल घेऊन. परमेश्वराला ते 'वरचे साहेब' म्हणतात, त्यांचे हुकूम खाली आणणाऱ्या मोशेला 'सुभेदार मेजर' आणि संदेष्ट्यांना 'इंटेलिजन्सवाले'. आणि सगळ्या वादात त्यांचं एक पालुपद असतं. "ऑर्डर म्हंजे ऑर्डर. मग आमी काय समजायचं?"

पहिलं भांडण अहरोनावरून, म्हणजे मोशेच्या थोरल्या भावावरून झालं. मोशे डोंगरावर गेलेला असताना लोकांनी सोन्याचं वासरू करून घेतलं आणि त्याची पूजा केली, त्याबद्दल हजारो माणसं मारली गेली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. सुभेदारांनी ती चौकशी समितीसारखी वाचली होती.

"मला सांगा, सोनं कुनी गोळा केलं? अहरोनानं. ओतलं कुनी? अहरोनानं. आन् भावानं इचारल्यावर म्हंतोय काय, तर मी सोनं इस्तवात टाकलं आन् वासरू आपसूक भायेर आलं! आपसूक! आवं फादर, आमच्या पलटणीत असं उत्तर कुनी दिलं आसतं तर त्याला उनात दिवसभर पळवला आसता. आन् हितं काय झालं? जवान मेले. आन् ह्यो? ह्याला प्रमोशन! मुख्य याजक!"

"मोशेनं त्याच्यासाठी देवाजवळ रदबदली केली," मी म्हणालो.

"व्हय, केली आसंल. भाऊच की त्यो. वशिला. जे मेले त्यांचा भाऊ कुनी वर न्हवता, येवडंच."

यावर मी पश्चात्ताप, निवड, कृपा असं बरंच बोललो. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला, बशी उपडी घातली आणि पुढच्या बाजाराला येऊन सांगितलं की त्याच वरच्या साहेबांच्या मंदिरात शलमोन राजानं पुढं बारा बैल ओतून बसवले आणि त्याला कुणी हटकलंसुद्धा नाही. "वासराला फाशी आन् बैलास्नी मंजुरी! मग आमी काय समजायचं?"

बैल पूजेसाठी नव्हते, पाण्याच्या हौदाला आधार म्हणून होते, हे मी सांगितलं. ते त्यांना थोडंसं पटलं. थोडंसंच. पटलेल्यावर ते निळ्या पेन्सिलीनं खूण करतात, न पटलेल्यावर तांबड्या. तांबडीच्या मानानं निळी पेन्सिल अजून लांबच लांब आहे.

मग पिढ्यांचं प्रकरण निघालं. एका ठिकाणी म्हटलंय की मूर्तीपुढं वाकणाऱ्याच्या अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचेल. दुसऱ्या ठिकाणी म्हटलंय, बापाचं पाप मुलानं भोगायचं नाही. "म्हंजे नियम बदलला का? बदला की. आमची ना न्हाई. पर बदलल्याचं परिपत्रक कुटं हाय?" परिपत्रक! साडेअकराच्या उन्हात, उपाशीपोटी, मी परिपत्रक शोधत होतो.

एकदा मी अगदी हात टेकले. म्हटलं, "सुभेदार, या सगळ्याची उत्तरं नव्या करारात आहेत. मी देतो तुम्हाला एक प्रत." तर माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी काहीतरी अफरातफर सुचवली असावी. "आधी जुन्याचा निकाल लागू द्या. जुनं प्रकरन उघडं ठिवून नवं दप्तर घ्यायचं? असलं काम आमी केलं न्हाई."

या सगळ्यात माझं फार बिघडत नव्हतं. डोकं दुखायचं, ते गोळीनं थांबायचं. खरा ताप सुरू झाला तो मनश्शेपासून.

मनश्शे हा यहूदाचा राजा. बाप हिज्किया मूर्ती फोडणारा. पोरानं गादीवर बसल्याबरोबर सगळ्या परत उभ्या केल्या, अगदी देवाच्या मंदिरातसुद्धा. याच्याइतका मूर्तिपूजक राजा त्या घराण्यात दुसरा झाला नाही. आणि याची गोष्ट आमच्या शास्त्रात दोनदा सांगितली आहे. राजांच्या वृत्तांतात त्याला माफी नाही. त्याच्यापायी राज्य बुडालं, आणि ते अपराध परमेश्वराला माफ करायचेच नव्हते, असं तिथं स्पष्ट आहे. मात्र इतिहासाच्या ग्रंथात हाच मनश्शे बेड्या घालून परमुलखात नेला जातो, तिथं कळवळून प्रार्थना करतो, आणि परमेश्वराला दया येते. तो त्याला घरी आणतो.

"मानूस योक," सुभेदार म्हणाले. "गुन्हा योक. आन् निकाल दोन. त्याला माफी मिळाली का न्हाई मिळाली, येवडंच सांगा."

मी सांगितलं की एका लिहिणाऱ्याला राज्य का बुडालं ते सांगायचं होतं, दुसऱ्याला बुडालेल्या लोकांना धीर द्यायचा होता, दोघांचे हेतू वेगळे.

"त्ये लिवणाऱ्यांचं झालं. मनश्शेचं काय झालं?"

मी सांगितलं की माणसाला माफी मिळाली तरी केल्याचे परिणाम टळत नाहीत, म्हणजे दोन्ही खरं असू शकतं.

"आसू शकतं म्हंजे? मिळाली का न्हाई?"

असं महिनोन् महिने चाललं. बाकीच्या शंका त्यांनी बाजूला टाकल्या. अहरोन सुटला, बैल सुटले, परिपत्रकही राहिलं. अंगणात ताठ उभं राहायचं आणि विचारायचं, "फादर, मनश्शेचं काय ठरलं?" बोलण्यातली गंमतही गेली होती. पूर्वी ते मला कोंडीत पकडलं की मिशीत हसायचे. आता उत्तराची वाट बघत गप्प बसायचे, आणि मी नवीन काही सांगितलं नाही की चहा तसाच ठेवून उठायचे. मला याचा इतका कंटाळा आला की एकदा लुनाचा आवाज ऐकून मी मागच्या दारानं शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभा राहिलो. शांताबाईंनी मागच्या दारातूनच हाक मारून परत आणलं.

अशात त्यांचा मुलगा विलास आला. ट्रॅक्टर रस्त्यावरच चालू ठेवून आत आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "फादर, सोडा की आमच्या आबास्नी."

"अहो, मी त्यांना धरलंय कुठं? माझीच सुटका होते का बघतोय मी!"

तो हसला नाही. मग ओसरीच्या कडेला बसून त्यानं सगळं सांगितलं.

आमच्या या भागात घरोघरी देव्हाऱ्यात टाक असतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटभर उंचीची मूर्ती. खंडोबाचा, भवानीचा, ज्याच्या त्याच्या कुळाच्या देवाचा. तसाच घरात कुणी गेलं की त्यांचाही टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. मग ते माणूस घरच्या देवांत जमा होतं, त्याला रोज पाणी मिळतं, सणाला नैवेद्य मिळतो. हौसाबाईंचा टाक करून सोनाराकडं पडला होता आणि सुभेदार तो घरात आणू देत नव्हते.

"वर्साचं झालं, फुडचं बी वर्स गेलं. भाऊकी तोंडावर बोलाय लागलीया. आईचा टाक न्हाई म्हंजे आईला घरात जागा न्हाई, फादर. दिवाळीला निवद दावायचा कुनाला? आन् आबा तर देवघराच्या दारातनं जायाचंच बंद झाल्यात. परड्यातनं, गोठ्याकडनं फिरून घरात येत्यात. इचारलं की गप. गावात म्हंत्यात सुभेदार बाटला. तुमी बाटिवला."

मी आधी फाटकाकडं बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. असली अफवा आजकाल पाळकाच्या दारात आली तर ती चहा पिऊन परत जात नाही. पण भीतीपेक्षा जास्त मला संताप आला तो सुभेदारांचा. माझ्याकडं येऊन शंका काढायच्या, माझा चहा प्यायचा आणि माझ्याच शास्त्राच्या नावावर बायकोला घराबाहेर ठेवायचं! मी विलासला म्हटलं, जा तू, मी बघतो.

पुढच्या बाजाराला सुभेदार अंगणात उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सुरू केलं.

"आज मनश्शे नको. आधी हौसाबाईंचं बोला. आमच्या पुस्तकात मूर्ती करू नको म्हटलंय म्हणून तुम्ही त्यांचा टाक बसवत नसाल, तर ते मला मुळीच चालणार नाही. तो हुकूम तुम्हाला नव्हताच. तुम्ही आमच्या लाईनीतले नाही, तुम्हीच म्हणता."

सुभेदारांनी जुळवलेले पाय सोडले. मग ओसरीवर येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"विलास आल्ता व्हय? त्याला काय ठावं हाय." खाली बघतच ते बोलू लागले. "हौसाचं म्हायेर म्हसवडचं. लग्नात तिच्या आईनं तिला नाथाचा, म्हायेरच्या कुळदेवाचा, टाक दिल्ता, पदराला बांधून. दवाखान्यात त्यो तिच्या उशाखाली हुता. दुखाय लागलं की मुठीत धरायची. मी शेजारी बसून तुमचं पुस्तक वाचत हुतो. तितं ती ऑर्डर आली. मूर्ती करायची न्हाई, तिच्या फुडं वाकायचं न्हाई. मला वाटलं, बरूबर हाय की. जल्मभर हिनं नाथाला धरलं. नाथानं काय केलं? मला राग आल्ता, फादर. डाक्टरचा बी यायचा, पर डाक्टरला बोलता येतंय व्हय? मग नाथावर काडला. ती झोपल्यावर उशाखालनं टाक काडला आन् विलासकडं दिला. म्हनलं, घरी न्हेऊन ठेव, हितं हरवंल."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"तिनं इचारलं न्हाई. येका शब्दानं न्हाई. नुसता उशाखाली हात घालायची. चाचपायची. मी म्हनायचो, पानी पायजे का? तर मान हलवायची. शेवटच्या दिवशी बी तिचा हात उशाखालीच हुता. आन् मला ठावं हुतं ती काय हुडकतीया ते. मला ठावं हुतं."

मी त्यांच्या शेजारी ओसरीवर टेकलो.

"दिवस घातलं, पावनं गेलं. मग पुस्तक फुडं वाचाय घेतलं. तर तितं रानात साप चावून मानसं मराय लागल्याली. आन् ज्या साहेबानं ऑर्डर काडली त्योच मोशेला म्हंतोय, पितळंचा साप कर, खांबाला लाव. चावल्याल्या मानसानं त्याच्याकडं नुसतं बघितलं तरी त्यो जगंल. म्हंजे आजाऱ्याला सवलत हुती, फादर! त्याच पुस्तकात हुती. थोडी पानं फुडं. मी वाचलंच न्हवतं."

त्यांनी टोपीनं तोंड पुसलं.

"त्या पुस्तकात मूर्तीफुडं वाकल्याल्यांची समदी कलमं हायत. कुनाला मारलं, कुनाला सोडलं. पर आजारी बाईच्या हातातनं तिचा देव काडून घेनाऱ्याचं कलम कुटंच न्हाई. लय हुडकलं. मग म्हनलं, मनश्शेनं तर समद्यात वाईट केलंया. त्याचं मिटलं आसंल तर माजं बी मिटंल. म्हनून इचारत हुतो, मिळाली का न्हाई."

लाज वाटली मला. महिनोन् महिने हा माणूस तेच विचारत होता आणि मी त्याला ग्रंथकारांचे हेतू समजावून सांगत होतो. क्षमेवरचे माझे उपदेश माझ्या कपाटात गठ्ठ्यांनी पडले आहेत. त्यातलं एक वाक्य त्या ओसरीवर माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

शेवटी मी म्हणालो, "मनश्शेचं मला माहीत नाही, सुभेदार. खरंच नाही. पण तुम्ही देवाकडं माफी मागताय. देवाचं काय काढून घेतलंत तुम्ही? घेतलंत ते हौसाबाईंचं."

"मग?"

"मग त्यांच्याकडं मागा."

"कुटल्या तोंडानं? टाक बसला म्हंजे रोज सकाळी तिला आंगुळ घालायची, कुंकू लावायचं, तिच्याकडं बघायचं. मला हुईत न्हाई, फादर. म्हनून तर त्या दारातनं जात न्हाई."

"तेवढ्यासाठीच बसवा," मी म्हणालो. "त्या समोर असल्याशिवाय मागणार कुणाकडं?"

सुभेदार माझ्याकडं बघत राहिले. मग टोपी घातली, उभे राहिले आणि फाटकाबाहेर गेले. खाकी पिशवी ओसरीवरच राहिली होती, ती शांताबाईंनी पळत जाऊन लुनाला अडकवली. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. पण मला सोडतील तर त्या शांताबाई कसल्या! "तीस वर्षं मूर्तीविरुद्ध उपदेश केलात," त्या म्हणाल्या, "आणि आज स्वतःच्या ओसरीवरून एक बसवायला लावलीत. आता तुम्हाला कोणतं कलम लावायचं?" मी म्हटलं, जे असेल ते लावा, पण आधी गोळी द्या, डोकं फार दुखतंय.

टाक बसवायच्या दिवशी विलास मला बोलवायला आला. नाही म्हणायचं मी ठरवलं होतं. गेलो. देवघर लहान, भाऊकी मोठी. मी दाराच्या चौकटीशी उभा राहिलो. हात जोडावेत की नाही ते मला ठरवता येईना, म्हणून मी हातात छत्री घट्ट धरून ठेवली. पावसाचं एक चिन्ह नव्हतं. सगळे माझ्या छत्रीकडं बघत होते.

सुभेदार पुढच्या दारानं आले, आणि देवघरात मांडी घालून बसले. विलासच्या बायकोनं ताम्हन पुढं केलं. त्यांनी टाकाला दुधानं, मग पाण्यानं अंघोळ घातली, धोतराच्या सोग्यानं हलक्या हातानं पुसलं, कुंकू लावलं. कुंकू कपाळाच्या बाजूला लागलं, तर पुसून परत लावलं. मग देव्हाऱ्यातले देव सरकवून त्यांनी हौसाबाईंना म्हसवडच्या नाथाच्या अगदी शेजारी, त्याला चिकटून बसवलं.

भाऊकीतले एक म्हातारे पुढं झाले. "आरं गनपा, खालच्या वळीत. पूर्वजांच्यात. देवांच्या वळीत मानसं बसवत न्हाईत रं."

"बसू दे," सुभेदार म्हणाले. त्या आवाजापुढं म्हातारे मागं सरकले.

मग ते देव्हाऱ्यापाशी वाकले. अगदी हळू बोलले, पण मी दारातच होतो, मला ऐकू आलं.

"हौसा, त्यो बघ तुजा नाथ. आता कुनी काडून न्हेत न्हाई. चुकलं माजं."

एवढं बोलून ते तसेच वाकून राहिले. आरती खोळंबली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. विलासनं पुढं होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "आबा, झालं की. उठा आता."

"थांब रं जरा," सुभेदार म्हणाले. "तिला काय म्हनायचं आसंल, ते म्हनू दे."